हेल

टारफुल्याचं बी यल्लव्वाच्या मिसरीहून बारीक.
नखाच्या कडेवर पन्नास-साठ मावतात.
वीस-वीस वर्षं पडून राहतं मातीत,
नुसत्या ओलीनं उठत नाही.
त्याला हाक लागते.

शाळूचं मूळ अंधारात काहीतरी पाझरतं,
थेंबाच्या लाखाव्या भागाएवढं,
आणि शेजारचं बी कान टवकारतं.
वर आपल्याला काही दिसायच्या आत
खाली जोडणी झालेली असते.
महिनाभर ताट उगाच सुकतं,
पाणी द्या, तरी सुकतं,
मग एका सकाळी बुडाशी पांढरी फुलं, नाजूक,
देवाला वाहावीत अशी.
यल्लव्वा म्हणते,
"पावणं जेवलं, आता हात धुवायला भायेर आलं."

माझं काम मोजायचं.
संखच्या रस्त्याला, बाभळीच्या पलीकडे,
आम्ही टारफुला मुद्दाम पेरलेलं रान.
जाणारे-येणारे सायकल थांबवून बघतात.
"आम्ही उपटतोय, तुम्ही पेरताय, पगार कुणाला?"
मी वहीत मान घालतो.
वाण, ओळ, आठवडा, किती उगवले.
मालदांडी, एकोणचाळीस.
मालदांडी, बावन्न.
सहाशे बारा, शून्य.

पुन्हा मोजलं.
बिरनाळे मॅडमनी गुडघे टेकून, चष्मा पुसून मोजलं.
शून्य.
त्या रात्री सहाशे बाराचं पीठ दळून आणलं.
यल्लव्वानं परातीत मळलं, थापलं,
कडेनं चिरा गेल्या, मधे भोक पडलं.
"विरी गेलेलं पीठ हाय ह्ये.
भाकरी थापायची का सांधायची?"

तेव्हापासून सहा हिवाळे
मालदांडीच्या कणसावर ओणवे होऊन
चिमट्यानं एकेका फुलातलं पिवळं काढतोय,
वर खाकी पिशवी, पिशवीला तारीख,
दुसऱ्या सकाळी दव उडालं की
सहाशे बाराचे पराग झटकायचे.
शिंक आली तर तोंड फिरवून.
पहिल्या पिढीत ताट उंच, भाकरी नाही.
पुढच्या पिढीत भाकरी, आणि टारफुला सतरा.

मला वाटायचं, सहाशे बाराचं मूळ मुकं आहे.
मॅडम म्हणाल्या, मुकं असतं तर उपाशी मेलं असतं.
ती हाक मुळात टारफुल्यासाठी नाहीच.
मातीत एक बुरशी असते,
लांबून स्फुरद आणून देणारी, बदल्यात थोडी साखर घेणारी,
तिला बोलावणं असतं ते.
टारफुला नुसता भिंतीला कान लावून बसलेला.
सहाशे बारासुद्धा हाक मारतं.
फक्त त्या रसाचा एक कोपरा
डावीकडे वळायचा तो उजवीकडे वळलाय.
हाक तीच. हेल वेगळा.

हे मला लगेच कळलं.
मी कऱ्हाडचा.
जतच्या बाजारात मी तोंड उघडलं
की शेंगांचा भाव पाच रुपयांनी वर जातो.
त्याच पाटीपुढं यल्लव्वा उकिडवी बसते,
अर्धं कन्नड, अर्धं मराठी, शेवटी सूर ओढून
तेच विचारते,
आणि भाव गपगुमान खाली येतो.

यंदा चौदावी ओळ.
दाणा मोत्यासारखा, मागच्या सुगीची भाकरी टम्म फुगलेली,
मी दोन घास कोरडेच खाल्ले, मॅडमनी फोटो काढला.
सहा आठवडे रकान्यात शून्य, शून्य, शून्य.
सातव्या आठवड्यात, सहाव्या ताटाच्या बुडाशी,
दोन फुलं.
मॅडम पुण्याला गेलेल्या.
रानात आम्ही दोघंच, आणि ती फुलं, हातात येतील एवढी.
उपटली असती तर कुणाला कळलं नसतं.
यल्लव्वानं पदरानं तोंड पुसलं, वाकून बघितलं,
"दोन लिव्ह," म्हणाली.
"आपली बोली शिकाय लागलं असंल त्ये."

मी दोन लिहिलं.